कावीळ माझी, डोहाळे तिचे

मला आजतागायत कावीळ झालेली नाही. काविळीचं पथ्य मात्र मी सव्वा महिना पाळलं, तेही कोल्हापुरात राहून, आणि त्यातल्या एकाही रविवारी मटणाला हात लावला नाही. कोल्हापूरच्या माणसाला यातलं दुःख समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एवढंच धरून चालावं की मी फार सोसलं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची, प्रत्येकाच्या हातात मोबाइल यायच्या आधीची. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासनीस होतो. तयार झालेल्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव लोखंडी भागावर, हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, कुठं पोकळ वाटलं की बाजूला काढायचं, एवढंच माझं काम. राजारामपुरीत दोन खोल्यांचं भाड्याचं घर, घरात मी आणि माझी बायको सुजाता, भिंतीपलीकडं घरमालकीण आक्का. आमची आई गावी, राधानगरीकडं. आक्कांच्या घरात फोन होता आणि आमच्या घरात नव्हता. एवढ्या एका गोष्टीवरून पुढचा सगळा गोंधळ झाला.

सुजाताला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आईनं पहिली ताकीद दिली, "तीन म्हैनं भरूस्तवर कुणाला बोलायचं न्हाय. आक्काला तर मुळीच न्हाय." तिचं बरोबर होतं. आदल्या वर्षी मी बातमी कळल्या संध्याकाळीच अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते आणि दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. पेढे खाल्लेली माणसं नंतर सुजाताला रस्त्यात थांबवून विचारायची, "कितवा लागला गं?" ती मान खाली घालून घरी यायची आणि दोन-दोन दिवस बाहेर पडायची नाही. ते मला बघवायचं नाही. म्हणून या खेपेला माझ्या मनात एकच धास्ती होती, परत तसं व्हायला नको.

डॉक्टरीणबाईंना मी सरळच विचारलं, "सगळं नीट चाललंय हे आम्हाला घरात कसं कळायचं?"

त्या सुजाताकडं वळल्या. "उलट्या होतायत? सारखी झोप येतीय? वास सहन होत नाहीत? मग चांगलं आहे. ही सगळी चांगलीच लक्षणं."

पुढंही त्या बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. पण मला पाहिजे होतं ते मिळालं होतं, त्यामुळं मी ऐकायचं थांबलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून सुजाताची उलटी हा माझ्या आयुष्यातला सर्वोच्च आनंद झाला. ती मोरीत वाकलेली आणि मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा, चेहऱ्यावर समाधान.

"छान. अजून येतीय का बघ."

"अहो, जरा तिकडं जावा की."

"कालच्यापेक्षा जोरात झाली नव्हं?"

तिनं तांब्या हिसकावून घेतला आणि मोरीचं दार लावलं. (तांब्या माझ्या अंगावर आला नाही, हेही मी चांगलंच लक्षण धरलं.)

आईला रोजची खबर पाहिजे असायची. ती संध्याकाळी गावातल्या बूथवरून आक्कांकडं फोन करायची, आक्का भिंतीवर थाप मारायच्या आणि मी पळत जायचो. आक्का फोनशेजारीच शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. सासर-माहेर कुठलाही फोन असो, आक्कांच्या शेंगा नेमक्या त्याच वेळी सोलायच्या असायच्या. आईचं बोलणं त्यांना ऐकू यायचं नाही, माझं मात्र सगळं यायचं.

"उलट्या होत्यात व्हय?" आई विचारायची.

"होय, सकाळी दोनदा."

"पोटात काय ठरतंय का?"

"पाणीसुद्धा नाही," मी खुशीत सांगायचो.

"मटाण?"

"नुसत्या वासानं ढवळतंय."

एके दिवशी मी फोन ठेवला तर आक्कांचे हात थांबलेले. चष्म्यावरून माझ्याकडं बघत त्या म्हणाल्या, "काय रं, कुणाला उलट्या?"

खोटं बोलायचं असेल तर माणसानं ते आधी ठरवून ठेवावं. मी ठेवलं नव्हतं. गावाकडच्या म्हशीचं नाव घ्यावं असं मनात आलं, पण म्हशीला मटणाचा वास सोसत नाही हे आक्कांना कसं पटवणार! आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला."

"तरीच," आक्का म्हणाल्या. "रोज सकाळी भिंतीतनं आवाज येतोय. मी म्हटलं ही पोरगी काढतीया का काय. तूच व्हय. बाईमाणसागत आवाज काढतोस की रं."

"घसा बारीक आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला जवळ ओढलं, अंगठ्यानं माझी खालची पापणी खाली केली आणि निकाल दिला, "डोळं पिवळं पडल्यात. कावीळ हाय ही." (त्या खोलीत एक जुना पिवळा बल्ब होता. त्याच्या उजेडात आक्कांचं मांजरसुद्धा काविळीचंच दिसायचं.)

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उचगावला नेलं. तिथं एक म्हातारा काविळीवर झाडपाल्याचं औषध द्यायचा. त्यानं माझी नखं दाबली, जीभ बघितली आणि मान हलवली.

"मुरल्याली हाय. लई दिवसाची हाय, पावणं."

मला काही झालेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी तो इतक्या ठामपणे बोलला की मीच घाबरलो आणि हळूच विचारलं, "बरी होईल ना?" त्यानं कसलातरी हिरवा रस पाजला. परतीच्या वाटेवर रिक्षा थांबवून मी तो सगळा बाहेर काढला. आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बघ, उतराय लागली."

मग पथ्य सुरू झालं. तेल बंद, तिखट बंद, मटण तर लांबच. उकडलेला दुधी भोपळा, मुगाचं पाणी आणि ताक. सुजाताला फोडणीचा वास सोसत नव्हता, म्हणून आमच्या घरात चूल तशीही थंडच असायची. ते आक्कांच्या नजरेतून सुटलं नाही. "नवऱ्यासाठी पोरगीनं सुदिक तिखाट सोडलं," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. सुजाताचं कौतुक झालं आणि माझा भोपळा वाढला. आक्का तो स्वतः करून आणायच्या आणि ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून राहायच्या. माझा डबासुद्धा त्याच भरायच्या. फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत लोक माझा डबा उघडलेला बघून आपापले डबे घेऊन पलीकडं जाऊन बसायचे.

रविवारची तऱ्हा निराळी. आक्का वाटीभर तांबडा रस्सा घेऊन यायच्या आणि सुजातापुढं ठेवायच्या. "तू खा गं, तुला कुठं काय झालंय?"

सुजाता एक क्षण वाटीकडं बघायची आणि तोंडाला पदर लावून मोरीकडं धावायची. लगेच मी ओरडायचो, "वास! मला वास सोसत नाही!" आणि तिच्या मागं धावायचो. आत ती उलटी करायची, तिचा आवाज झाकायला मी शेजारी उभा राहून जिवाच्या आकांतानं खोकायचो. बाहेर येऊन बघावं तर आक्का वाटी उचलून चाललेल्या. त्या रश्श्यावरचा तवंग मला अजून आठवतो.

असा एकेक आठवडा सरत होता. तिसरा महिना संपायला आला. माझं वजन उतरलं, गालफडं बसली, त्यामुळं कावीळ खरीच असल्याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही. पण सकाळी भिंतीअलीकडं उलटी व्हायची आणि माझा दिवस चांगला जायचा.

आणि मग एका रविवारी सुजाता उठली, तोंड धुतलं, चहा प्याली, आणि तो चहा पोटातच राहिला.

मी वाट बघितली. तिनं दुसरा कप मागितला.

"मळमळतंय का?" मी विचारलं.

"न्हाय."

"जरासुद्धा?"

"न्हाय हो. उलट लई भूक लागलीया. आज मटण आणा की. तांबडा रस्सा करूया."

कास्टिंग हातात घ्यावं, हातोडी मारावी आणि आवाजच येऊ नये, तसं मला झालं. मी आत गेलो, फडताळातून सुकटीचा डबा काढला, झाकण उघडलं आणि तिच्या नाकाखाली धरला. तिनं दीर्घ श्वास घेतला.

"ही पण करूया," ती म्हणाली.

मी लसूण ठेचून धरला. रॉकेलची बाटली धरली. शेवटी माझे फौंड्रीचे मोजे धरले. मोज्यांना तिनं तोंड वाकडं केलं, पण तसं तर ती लग्न झाल्यापासूनच करत होती, त्याला लक्षण म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीवर थाप पडली. आईचा फोन, रविवारचा म्हणून सकाळीच. आक्का शेंगा घेऊन बसल्याच होत्या.

"उलट्या?" आईनं विचारलं.

"थांबल्या," मी म्हणालो, आणि माझा आवाज फुटला.

आक्का टोपली बाजूला ठेवून उठल्या. "थांबल्या? देव पावला म्हणायचा." आणि मी फोन हातात धरून हुंदके देत होतो.

"आरं, बरं झाल्यावर रडतोस कशाला?"

"भूकसुद्धा लागतीय," मी रडत सांगितलं.

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. "कावीळ डोस्क्यात गेली ह्येच्या," त्या पुटपुटल्या, चप्पल घातली आणि रिक्षा बोलवायला गेल्या.

आईला मी कसंबसं "दवाखान्यात जातो" एवढं सांगितलं. रिक्षात आम्ही तिघं. रिक्षावाल्याला मी डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, आक्का डोक्याच्या डॉक्टरचा सांगत होत्या, आणि सुजाता म्हणत होती की वाटेत मटणाच्या दुकानापाशी दोन मिनिटं थांबू. रिक्षावाल्यानं भाडं देणाऱ्याचं ऐकलं. रविवारीही चालू असलेल्या दवाखान्यासमोर उतरल्यावर आक्कांनी पाटी वाचली, दारातून आत-बाहेर करणाऱ्या पोटुशा बाया बघितल्या, मग मला बघितलं.

"ह्यो बायकांचा दवाखाना न्हवं? तुला हितं कोण बघणार?"

मी काही बोलायच्या आत सुजातानं त्यांचा हात धरला. "आक्का, मला दिवस गेल्यात. ह्यांना काय बी झालेलं न्हाय."

आक्कांनी पाटी परत एकदा वाचली. मग मला म्हणाल्या, "मग त्यो रस?"

"प्यालो."

"आन् भोपळा?"

"खाल्ला."

"येडं हाय का काय ह्ये," त्या म्हणाल्या. पण सुजाताचा हात त्यांनी सोडला नाही. आदल्या वर्षी सुजाता खोलीत पडून होती तेव्हा तिला भात भरवणाऱ्या त्याच होत्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त जातंय? पोटात दुखतंय?"

"नाही," सुजाता म्हणाली.

"मग काय होतंय?"

"काहीच होत नाही," मी म्हणालो. "उलटी नाही, मळमळ नाही. दोन कप चहा प्याली. मटण मागतीय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिसरा महिना संपत आला की उलट्या कमी होतातच. कुणाला होतात, कुणाला मुळीच होत नाहीत. आणि रक्त जाणं, पोटात कळा येणं, असं काही झालं तर लगेच यायचं. हे सगळं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकलं नव्हतं का?"

मी सुजाताकडं बघितलं. तिनं ऐकलेलं असणार, म्हणून तर ती सकाळपासून निवांत होती. पण आता ती खुर्चीवरून उठायला तयार नव्हती. "तरी एकदा बघा की, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. तेव्हा मला कळलं की ती माझ्याएवढीच घाबरली होती आणि घाबरायचं काम तिनं मला एकट्याला करू दिलं होतं.

"बघूया," बाई म्हणाल्या. "सोनोग्राफी करू, बाळाचा ठोका बघू. मोठा जग भरून पाणी पिऊन बसायचं आणि लघवीला जायचं नाही. मूत्राशय भरलेलं लागतं, मगच नीट दिसतं."

सुजाता पाणी पीत बसली. मी तिच्या शेजारी बसून, काही कारण नसताना, तेवढंच पाणी प्यालो. आक्का समोर डोळे मिटून बसल्या होत्या.

आत अंधार होता. सुजाता टेबलावर, मी तिच्या डोक्याशी. पडद्यावर करडी खरखर उमटली, हलली, आणि मधोमध मला ते दिसलं. मोठं, काळंभोर, गोल गरगरीत.

"दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय की," मी म्हणालो. "केवढं मोठं झालंय!" मी हात जोडले. वर्षभर गिळलेलं सगळं डोळ्यांतून वाहायला लागलं. मी त्याला म्हणालो, "आलास बाबा. आता जाऊ नकोस. तुझ्यासाठी मी भोपळा खाल्लाय." सुजाताही रडायला लागली, आणि दारातून डोकावणाऱ्या आक्कांनी पदर डोळ्याला लावला.

बाईंनी माझं होऊ दिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, ते मूत्राशय आहे. बाळ इथं खाली बघा."

त्यांच्या बोटाशी अंगठ्याएवढं काहीतरी होतं आणि त्याच्या मधोमध एक बारीकसा ठिपका भराभर लुकलुकत होता. थांबत नव्हता. मी कितीतरी वेळ त्याच्याकडं नुसता बघत उभा राहिलो, कारण पुढं जन्मलेल्या आमच्या पोरीसाठी माझ्याकडं आता एक थेंबही शिल्लक नव्हता. बाप झाल्याचे माझे सगळे आनंदाश्रू मी तिच्या आईच्या मूत्राशयाला वाहून बसलो होतो.