उसने शब्द

सोमवारी सकाळी कोथरूडला आमच्या स्कूटरला टेम्पोनं धडक दिली. बाबा गेले. मी राहिले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी नव्हते. डोक्याला मार लागून दवाखान्यात होते. मी कॉलेजात मराठी शिकवायची. आता शब्द ऐकू यायचा, अर्थ विचारला की काहीच सुचायचं नाही. स्पीच थेरपिस्टनं चित्रं मांडली. "यातलं कुलूप दाखवा." मी कपावर बोट ठेवलं.

मग तिनं संगणकावर चाचणी घेतली. पडद्यावर काही खरे शब्द यायचे, काही नुसती जुळवलेली अक्षरं; शब्द खरा असला तर बटण दाबायचं. 'कुलूप'नंतर 'किल्ली' आली की माझं बोट चटकन दाबायचं. 'पेरू' आला की रेंगाळायचं; शब्द तोही खराच, पण कुलपाशी त्याचं नातं नाही.

"अर्थ आत शाबूत आहेत, मॅडम," ती म्हणाली. "विचारल्यावर हाती लागत नाहीत, एवढंच."

हे मी विभागप्रमुखांना कसं सांगणार? अपघातानंतर काही महिन्यांनी त्यांनी मला आणि आईला कॉलेजातल्या आपल्या खोलीत बोलावलं होतं.

"मॅडम, अलंकार म्हणजे काय, सांगता?"

वर्षानुवर्षं मी तेच शिकवत होते. तोंड उघडलं. काही आलं नाही. मान खाली गेली.

"राहू द्या. तसेही यांच्याकडचे शब्द उसनेच होते. ज्याचे त्याला परत गेले."

'उसने' म्हणजे काय, हे मला सांगता आलं नसतं. पण कान तापले. मी आईकडे बघू शकले नाही.

राजीनामा टाइप करून तयार होता. माझा उजवा हात अजून उचलला जात नव्हता. त्यांनी स्टॅम्पपॅड पुढे सरकवलं.

"अंगठा चालेल."

आईनं माझं डावं मनगट धरलं. "दे गं बाई. साहेब चांगल्यासाठीच सांगतायत." अंगठ्याला शाई लागली.

आजोबांनी जन्मभर अंगठा दिला. बाबा रात्रशाळेत सही शिकले. मी एम.ए. झाले.

मी मूठ मिटली.

"नाही."

"कशाला नाही म्हणताय, ते तरी कळतंय का?"

कळत होतं. सांगता येत नव्हतं. सांगता येत नाही म्हणजे कळतच नाही, असं इतके महिने मीही धरून चालले होते. लोक माझ्यादेखत माझ्याविषयी बोलायचे आणि मी ऐकून घ्यायची. त्या खोलीत ते संपलं. मी उठले. आईला हाताला धरून बाहेर आणलं.

लाज अजून वाटते. मंडईत मेथी बोटानं दाखवून घ्यावी लागते. डाव्या हातानं एवढं लिहायला कित्येक आठवडे गेले. नोकरी माझी आहे. राजीनामा मी दिलेला नाही. देणार नाही.