आधी तिसरं गाणं

आश्विन शुद्ध पंचमी, रविवार, दुपारचे चार. नांदुरा, शाळेमागची माझी खोली. हजर: मी, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, वय सत्तेचाळीस; माझी थोरली बहीण, खाटेवर, भिंतीला टेकून; पेटी दुरुस्त करणारे चाचा; आणि शेजारच्या काकू, ताकाचा गडवा द्यायला आल्या आणि बसूनच राहिल्या.

वरची एवढी नोंद मी त्याच संध्याकाळी वहीत केली. शाळेच्या प्रार्थनेची पेटी वर्षभर मुकी पडली होती. चाचांचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. कुलपं, घड्याळं, पेट्या, जे बिघडेल ते ते दुरुस्त करत. शाळा बंद म्हणून त्यांनी पेटी माझ्या खोलीवर आणली आणि सूर तपासायला एक चाल वाजवली. भुलाबाईचे दिवस होते, गल्लीगल्लीत पोरी गात होत्या, तीच चाल त्यांच्या बोटांत आली असावी.

खाटेवरून बहीण गायला लागली. शब्दांसकट.

तिला उन्हाळ्यात अमडापूरला, तिच्या सासरी, अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. नवरा आधीच वारलेला, मूलबाळ नाही, म्हणून मी तिला इकडे आणलं. साऱ्या बोलण्यातला एकच शब्द तिच्याकडे उरला होता: ‘बस’. पाणी हवं असलं तरी बस, नको असलं तरी बस, मी रागावले तरी बस. आणि आता ती दोन कडवी सरळ म्हणून गेली. चाचांनी हात थांबवला तशी तीही थांबली. मी विचारलं, “अक्का, आणखी म्हणतेस?”

“बस,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

चाचा पेटीकडे बघत म्हणाले, “बाई, बोलणं गेलं अक्कायचं, गाणं नाही गेलं. सूर पुढे चालला का शब्द त्याच्या मागं येते.”

“मग मला शिकवा,” मी म्हणाले.

“तुम्हाले?”

“रोज तुम्ही येऊ शकत नाही. मी इथेच असते.”

काकूंना हसू आलं. “या वयात पेटी? तमाशात जाता का काय बाई?”

“हाव. तुम्ही या ढोलकीले,” मी म्हणाले.

असं ठरलं. मंगळवारी शाळा सुटल्यावर आणि रविवारी दुपारी, तासभर. लहानपणी अक्का साऱ्या गल्लीत पुढे होऊन गायची. मी गात नसे. कोणाच्या घरी काय खिरापत निघाली ते लक्षात ठेवण्याचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे गाण्यांची नावं मला पाठ होती, चाली येत नव्हत्या. मी चौदा गाण्यांची यादी केली. सोपं वर, अवघड खाली. एक पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

पेटीच्या सदतीस पट्ट्यांवर मी कागदाचे तुकडे डकवून आकडे घातले आणि गाणी आकड्यांत उतरवून घेतली. पंधरा दिवसांत पहिल्या गाण्याचा एकही आकडा चुकेना. पण मी वाजवलं की अक्का नुसती बघत राही. ओठसुद्धा हलत नसत. चाचांनी तेच वाजवलं की ती गाई. मला फार लागलं ते. दोन दिवस मी पेटीची झाकणी उघडली नाही.

मंगळवारी चाचांनी माझं वाजवणं डोळे मिटून ऐकलं.

“बाई, तुम्ही हजेरी घेऊन राह्यल्या.”

“म्हणजे?”

“हा सूर हजर, तो सूर हजर, पुढचा हजर. सारे हजर हायेत. गाणं कुठी हाय?”

मी वही दाखवली. त्यांनी आकड्यांवर बोट फिरवलं. “कोणावर जायचं ते लिवलं तुम्ही. कोणापाशी किती थांबायचं ते काऊन नाही लिवलं?”

खरंच लिहिलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी पोरींची नावं एका लयीत घेत आले. सगळ्यांना सारखा वेळ, कोणापाशी थांबायचं नाही. बोटांना तीच सवय. मग चाचांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक आकड्याखाली रेघा घातल्या: एक रेघ म्हणजे आखूड, तीन म्हणजे श्वासभर. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या, आणि डोळ्यांनी रेघा. अंगठा तर माझं ऐकतच नसे. कार्तिकात एकदा, कोणत्या दिवशी ते लिहायचं राहिलं, माझ्या पेटीमागून अक्काचा आवाज आला. मी मान वर केली नाही. वर बघितलं असतं तर हात थांबला असता.

पहिल्या गाण्यात ‘पाणी’ होतं. तहान लागली की ती डाव्या हाताने पेटी दाखवी, मी वाजवायला घेई, आणि पाण्याची ओळ आली की ती माझ्याकडे रोखून बघत तेवढा शब्द जोरात म्हणे. तांब्या उशाशीच असे. तिला नुसतं पाणी नको होतं, ते मागायचं होतं. दुसऱ्या गाण्यात ‘नको’ होतं. ते बसलं तेव्हा तिने वैद्यांचा काढा गाऊन नाकारला आणि चाचा इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

पौषात मी तिसरं घेतलं. अवघड होतं, काळ्या पट्ट्या फार. त्याच सुमारास शाळा तपासणीस यायचे होते. हजेरीपट, फळ्यांची मोजदाद, शिवणाचे नमुने, सगळं वेळेत हवं होतं.

गुरुवारी दुपारी मी खोलीत बसून पोरींचे गणिताचे पेपर तपासत होते. अक्काने खाटेवर बोट आपटलं. मी पाण्याची चाल वाजवली. तिने मान हलवली. दुसरी वाजवली. पुन्हा नाही. मग ती तोंड मिटून गुणगुणायला लागली. ही चाल मी ऐकलेली नव्हती, यादीतल्या चौदांपैकी नव्हती. सासरच्या तीस वर्षांत कुठे तरी शिकलेली असणार. गुणगुणून झालं की ती पेटीकडे बोट करी, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे. पेटीने चाल पुढे नेली तरच तिचे शब्द निघत. त्या गाण्यात तिला हवा तो शब्द होता आणि तोच ती मला सांगू बघत होती. एवढं मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

मी पट्ट्या चाचपत नऊ सूर शोधले आणि हातातल्या पेपरच्या पाठीवर आकडे लिहिले.

“घेऊ हं अक्का. चाचा रविवारी येतात, त्यांच्याकडून बसवून घेऊ. आधी तिसरं पुरं होऊ दे.”

“बस,” ती म्हणाली. पुन्हा गुणगुणली.

“आधी तिसरं,” मी म्हणाले, आणि पेपर ओढून घेतले.

शुक्रवारी तिने दोनदा बोट आपटलं. दोन्ही वेळा मी तिसऱ्याचा सराव केला. शनिवारी सकाळी मी शाळेत होते. काकू धावत वर्गाच्या दाराशी आल्या. दुसरा झटका होता. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं.

तेराव्यानंतर मी तो कागद काढला. नऊ आकडे, सुवाच्य अक्षरात. खाली एकही रेघ नाही. घाईत मी माझ्या जुन्या सवयीने लिहिलं होतं. चाल आठवून बघितली, पण त्या दोन दिवसांत तिसरं इतकं घोटलं होतं की कानात तेच येई.

चाचांनी कागद पुढ्यात ठेवून बराच वेळ खटपट केली. एकदा थांबून थांबून वाजवलं, तर पाळणा झाला. मग चाल उडती धरली, तर हळदीचं गाणं वाटलं. तिसऱ्यांदा शेवटचा सूर लांबवला आणि त्यांनी स्वतःच हात काढून घेतला.

“यातलं कोणतं, बाई?”

“माहीत नाही.”

“त्यायच्या सासरी कोणी असन?”

आहे. तिची धाकटी जाऊ अमडापुरात आहे. दोघींनी तीस वर्षं एका घरात काढली. नऊ सूर तिन्ही तऱ्हांनी तिच्यापुढे वाजवले तर ती ओळखेल, शब्दही सांगेल. खामगावपर्यंत गाडी, पुढे मोटार, सकाळी निघालं तर संध्याकाळी परत. पेटी नेता येते. चाचांनी तिला नवा पट्टा लावून दिला आहे.

उन्हाळ्याची सुट्टी गेली. दिवाळीची गेली. तपासणीस दोनदा येऊन गेले. कोणी आजारी नव्हतं, मोटारी बंद नव्हत्या. जावेने शब्द सांगितले की अक्काला माझ्याकडे काय मागायचं होतं ते मला कळेल, आणि ते देता येण्याजोगं होतं की नाही हेही. वाटेसाठी दशम्या करायचं ठरवलं की मी दुसरं काही काम काढते.

वहीत दर महिन्याच्या पहिल्या पानावर राहिलेली कामं उतरवते. छपराची कौलं. दोन पोरींचे दाखले. अमडापूरला जाणे, पेटी घेऊन. बाकीच्यांवर रेघ आहे.