आईची झडप आणि तिघांचा धम्म

गुजरातेतल्या पांडेसऱ्याच्या आमच्या बुद्धविहारात चार टाळकी जमली की किस्सा झालाच म्हणून समजा! बहुतेक विसरतोही. पण आईच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, त्या पंधरवड्यातला एकही विसरलो नाही. तेव्हा हसू कुठलं!

विहारातले सोनवणेभाऊ रिक्षा चालवतात. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून नुकतेच आलेले. तपासणीला त्यांच्याच रिक्षाने जायचं होतं. आई रिक्षात धापा टाकतेय आणि भाऊ घरात डोळे मिटून बसलेले! तासभर हलायचं नाही, असा निश्चय. मी सात हाका मारल्या. तास संपल्यावर उठले.

“ऐकू नाही आलं?” मी तडकलोच.

“आलं ना! पण नुसतं ऐकायचं, प्रतिक्रिया द्यायची नाही.”

*

विहारातल्याच रंजनाताईंचा बौद्ध पंथ जपानी. सूत्राचा जप केला की सगळं निभावतं, हा त्यांचा विश्वास. आई ऑपरेशनसाठी दाखल झाली, तेव्हा वॉर्डात त्या तिला जप शिकवत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या गुजराती बा म्हणाल्या, “बेन, मारा घूंटण माटे पण करी आपो ने!”

ताईंनी बांच्या गुडघ्यांसाठीही केला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खाटेवरून मुतखड्याची ऑर्डर!

*

रेल्वेतून रिटायर झालेल्या बागूलकाकांना दोन्ही नामंजूर. “आपला धम्म डोकं वापरायला शिकवतो! वहिनी, जप नको नि ध्यान नको. डॉक्टरवर भरवसा ठेवा.”

मग डॉक्टर आले. काकांनी इतके प्रश्न विचारले, की ते बिचारे म्हणाले, “अंकल, ऑपरेशन आप करेंगे या मैं करूँ?”

*

संमतीपत्रावर सही करताना माझा हात लटपटायला लागला. सोनवणेभाऊ कानाशी आले. “थरथर फक्त बघ.”

“बघतोच आहे! सही कुठे करायची ते दिसत नाहीये!”

*

आईला आत नेलं. पाच तास! बाकावर एक जण श्वास बघतोय, एक जण पुटपुटतेय, एक जण घड्याळाकडे डोळे लावून बसलाय. मला तिघांचंही काही जमेना. फार घाबरलो होतो हो.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकालाच सोडणार होते. तिघांनीही मला दारात अडवलं. “विचार, भूल देताना काय केलं? श्वास? जप? की डॉक्टरवर भरवसा?”

विचारलं. आईने मला खुणेने जवळ बोलावलं.

“त्यांना सांगू नको हां,” ती हळूच म्हणाली. “आयत्या वेळी सगळं विसरले. नुसती ओरडले, ‘माय वं!’”