टेबलाचा उलटा रेटा

अप्पांचे वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झाले. वडिलांविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो, तर आधी आठवले ते माझे नापास होणे.

आम्ही म्हैसूरचे जुने रंगारी. घरात मराठी, तीत निम्मे कानडी. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पदार्थविज्ञानात बुडालो. पुन्हा बुडालो तर कॉलेज सोडून कापडावर ठसे मारायला बसायचे, असे थोरल्या काकांनी ठरवून टाकले होते. मला कामाची लाज नव्हती. पण पुस्तके सुटतील या विचाराने जेवण जात नसे.

अडत होते एकाच जागी. नॉर्मल रिअ‍ॅक्शन, म्हणजे वस्तूला खालचा पृष्ठभाग काटकोनात देतो तो उलटा रेटा. मी तो प्रत्येक गणितात डोळे मिटून वजनाइतका धरी. प्रोफेसर वही परत देताना म्हणाले, "तुमचे टेबल फार आज्ञाधारक दिसते. कोणी वरून दाबो, कोणी उचलून धरो, रेटा आपला वजनाइतकाच." वर्ग हसला. मीही हसलो. कळले काहीच नव्हते.

एका सकाळी अप्पा टेबलावर लुगड्याचा काठ छापत होते. मी शेजारी वही घेऊन.

"एनु मगा, काय रे पोरा, कशावर अडलास?"

मी सांगितले. इंग्रजीचे अक्षर त्यांना येत नव्हते.

"ठशाचे वजन तेवढाच टेबलाचा रेटा? मग मी मुठीने ठोकतो कशाला? ठसा ठेवून कॉफी प्यायला जाईन की."

त्यांनी माझा हात उताणा धरायला लावला आणि तळव्यावर लाकडी ठसा ठेवला. "आता तू टेबल. हात खाली जाऊ द्यायचा नाही."

ठसा पेलला. मग त्यांनी वरून दाबले. हात जागेवर ठेवायला मला कितीतरी जास्त रेटावे लागले. मग त्यांनी ठशाची मूठ धरून, तळवा सुटू न देता, थोडे वर ओढले. हात हलका झाला. वजन तेच होते.

"टेबलाला वजन कुठे ठाऊक?" अप्पा म्हणाले. "अंगावर किती दाब येतो तेवढेच त्याला कळते."

"आणि फळी तिरकी केली तर?"

"करून बघ की. मी कुठे कॉलेजात गेलोय."

चिंधी पसरून करून पाहिले. तिरक्या फळीवर नुसत्या ठेवलेल्या ठशाची नक्षी सपाटीवरल्यापेक्षा फिकट उमटली, म्हणजे फळीवर दाब कमी.

त्या दिवसापासून मी आधी बाण काढू लागलो: कोण दाबते, कोण ओढते. रेटा शेवटी शोधायचा, आधी धरायचा नाही.

पुढच्या निकालाच्या यादीत माझा नंबर तीनदा वाचला, मग घरी गेलो. अप्पांचे हात मनगटापर्यंत निळे होते.

"झालो पास."

"सरी, बरे झाले," ते म्हणाले. मग काकांकडे वळून, "ऐकलेत ना, अण्णा? आता त्याचा पिच्छा सोडा."

दुपारी जेवून मी जो झोपलो तो दिवेलागणीलाच उठलो. कामाला कोणी हाक मारली नव्हती.