सुतकाची भाकरी

टीव्हीवर योगासनं सुरू झाली, त्या दिवसांत वारूळवाडीच्या देवळाच्या सभामंडपात रोज सकाळी सहाला आम्हा म्हाताऱ्यांचा व्यायाम चाले. शिकवायला शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे सर. व्यायाम नावाला, खरं काम गप्पांचं. कुणाची सून काय बोलली, कुणाचा गुडघा किती वाजतो, सगळं तिथं कळे. मी निवृत्त मास्तरीण, विधवा आणि जिभेची तिखट. मला असल्या गप्पा आवडत नाहीत, असं सांगायची आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची.

सरांनी जोड्या लावल्या होत्या. समोरासमोर बसून पायाला पाय लावायचे, हात धरायचे आणि जातं ओढल्यासारखं गोल फिरायचं. माझी जोडी रानात एकट्या राहणाऱ्या एका बाईशी होती. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला. खुरपं धरून हात राठ झालेले. तिनं ओढलं की मी पुरती तिच्याकडं जायची. नवरा गेल्यापासून माझा हात रोज धरणारं दुसरं कुणी नव्हतं. आमचा नियम एकच: जोडीदार दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी घरी जाऊन बघायचं.

शेवटी हसायचा व्यायाम असे. हात वर करून मोठ्यानं हसायचं. एका मंगळवारी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, तुमचं हसू लई खोटं हाय." सगळे हसले, आणि ते हसू मात्र खरं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उभा जन्म मी वर्ग गप्प बसवण्यात घालवला होता. तिच्याकडं न बघता सतरंजी गुंडाळली आणि घरी आले.

बुधवारी ती आली नाही. बरं झालं, म्हटलं. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सरांनी विचारलं, "तुमची जोडीदारीण कुठंय? जाऊन बघितलं का?"

गिरणीत दळण टाकताना कानावर आलं होतं की पिंपळवंडीला तिच्या आडनावाचं कुणी म्हातारं गेलं. तिचा दीर पिंपळवंडीलाच राहायचा. बाकीचं मी जुळवलं आणि शाळेतल्या आवाजात सांगून टाकलं, "दीर गेला तिचा. सुतक आहे, देवळात कशी येईल?"

सुतक म्हटल्यावर पुढं कोण विचारणार? माझी दहा दिवसांची सोय झाली. सरांनी मला दुसऱ्या जोडीत तिसरी म्हणून बसवलं.

शनिवारी खुरपणीचं विचारायला गेलेल्या बायकांना ती घरामागच्या न्हाणीत सापडली. बुधवारी पहाटे, व्यायामाला यायचं म्हणून आंघोळ करताना पाय घसरला होता. खुबा मोडला होता. पाण्याची बादली हाताला लागत होती, त्यावर तिनं तीन दिवस काढले. हाका मारल्या, पण शेजारचं घर लांब.

मी नारायणगावच्या दवाखान्यात गेले. खाटेशेजारी एक म्हातारा तिच्यासाठी मोसंबं सोलत बसला होता. तिनं ओळख करून दिली, "ह्ये माझं दीर." तो बाहेर गेल्यावर मी सगळं सांगितलं, गिरणीतलं, सुतकाचं. तुमचा राग आला होता, हेही सांगितलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"सुतक व्हतं असं वाटलं," ती म्हणाली, "तर भाकरी घिऊन यायचं ना, बाई."

आमच्याकडं दुःखाच्या घरी शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेतात. परक्याच्या घरीसुद्धा नेतात. मी स्वतः कितीतरी घरी नेली होती. खोटं बोलले ते बोलले, पण त्या खोट्याचा मान राखून उठले असते तरी ती शुक्रवारी सापडली असती. एवढी साधी गोष्ट तिनं मला झोपल्या जागेवरून शिकवली.

ती पुन्हा उभी राहिली नाही. मुलानं तिला पुण्याला नेलं. दिवाळीच्या आधी सरांनी सभामंडपात सांगितलं, ती गेली. त्या दिवशी हसायचा व्यायाम झाला नाही.

घरी येऊन मी पिठलं केलं, चार भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि रानातल्या तिच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. ते असणार, हे मला पीठ मळतानाच माहीत होतं.