पट्टा कुणाचा श्वास मोजतो?

"मॅडम, कितना सुंदर ग्राफ है!" भाटियासाहेब कागदावर बोट फिरवत म्हणाले. ते आमच्या नोएडातल्या छोट्या कंपनीचे मालक, मी त्यांची इंजिनिअर. दिल्लीतल्या एका हॉस्पिटलच्या नवजात वॉर्डात आम्ही उभे होतो. मशीनचा पेन एकसारख्या, गुबगुबीत लाटा काढत होता. डॉक्टर कपूरबाईंनी सही केली की मशीन वॉर्डात कायमचं लागणार होतं.

मला मात्र ते सौंदर्य खुपायला लागलं.

आमचा सेन्सर म्हणजे काजळीची पूड मिसळलेल्या रबराचा पातळ पट्टा. तो ताणला की काजळीचे कण एकमेकांपासून लांब जातात आणि वीज वाहायला अडचण होते. ती अडचण मोजली की ताण कळतो. पट्टा बाळाच्या पोटाभोवती बांधला तर प्रत्येक श्वासाची एक लाट उमटते. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. हो, अक्षरशः विसरतात! लाट थांबली की मशीनने ओरडायचं, एवढंच त्याचं काम.

एक्क्याण्णवनंतरचे दिवस, देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. नोएडात मोहरीच्या शेतांशेजारी फॅक्टऱ्या उगवत होत्या. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून बस बदलत मी तिथे जायचे. पक्की सरकारी नोकरी सोडून मुलगी रबर ताणत बसते, याचं बाबांना कोण दुःख!

लॅबमध्ये पट्टा पाळण्यातल्या, हवेने पोट हलवणाऱ्या बाहुलीवर झकास चालला होता. पण या वॉर्डात काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त. म्हणून डॉक्टर बाळाला आईच्या उघड्या छातीवर, उबेला ठेवायच्या. पानिपतच्या सुनीताची मुलगी तशीच झोपली होती.

एवढंसं बाळ भरभर, अडखळत श्वास घेतं. कागदावरची लाट तर दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसाची होती.

"सुनीताजी, ज़रा साँस रोकिए," मी म्हटलं.

तिने श्वास रोखला. पेन सपाट रेघ ओढू लागला आणि मशीन किंचाळलं. डॉक्टरांनी बाळाच्या पाठीवर हात ठेवला. "बच्ची तो साँस ले रही है!"

पट्टा ताणत होती ती आईची छाती. मशीनने स्वतःला त्या मोठ्या लाटेला जुळवून घेतलं होतं आणि बाळाचा इवलासा श्वास त्यात बुडून गेला होता. म्हणजे बाळ थांबलं असतं, तरी आईच्या श्वासावर मशीन खुशाल गप्प राहिलं असतं.

सुनीता हसली. "मेरी साँस नाप के क्या करोगे जी? मेरी तो चलती रहेगी."

बाहेर साहेब उखडले. "अरे यार, हम बच्चे का मॉनिटर बेच रहे हैं, माँ का नहीं!"

"सर, अभी तो माँ का ही बेच रहे हैं."

त्यांनी ग्राफच्या कागदाची घडी घातली. "चलो, वापस फॅक्टरी."

उपाय बोलायला सोपा होता. दुसरा पट्टा आईला बांधायचा आणि तिचा श्वास बाळाच्या लाटेतून वजा करायचा. पण रबर आपल्या मर्जीचा मालक. ताणलं की परत यायला उशीर लावतं, आणि प्रत्येक तुकडा वेगळा उशीर लावतो. शेवटी एकाच तव्यावरच्या जुळ्या पोळ्यांसारखे, एकाच शीटमधून शेजारचे दोन पट्टे कापले, तेव्हा कुठे जमलं.

आठवड्याने आम्ही पुन्हा सुनीताच्या पलंगापाशी आलो. आता पेन दोन होते. वरचा आईची लाट संथपणे काढत होता. खालचा बारीक, थरथरती रेघ ओढत होता, मुंगी चालावी तशी. एका आठवड्यापूर्वी ती तिथेच होती आणि कुणालाच दिसली नव्हती. मी बघतच राहिले. आम्ही मळलेल्या काळ्या रबरातून एक जीव स्वतःची खूण काढत होता!

सुनीताला डुलकी लागली. आणि खालची रेघ सपाट झाली.

वरची लाट संथ चालूच होती. मशीन ओरडलं. सिस्टर धावली, तिने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. एकदा. पुन्हा एकदा. मुंगी चालायला लागली.

सुनीता दचकून उठली. "क्या हुआ?"

"कुछ नहीं," सिस्टर म्हणाली. "साँस लेना भूल गई थी. याद दिला दिया."

भाटियासाहेबांनी चष्मा काढून पुसला. सही कधी झाली, मला आठवत नाही.

नंतर मी पुष्कळ सेन्सर बनवले. हाताखालच्या मुलांना एकच सांगत आले: ग्राफ फार सुंदर आला, तर आधी विचारा, हा कुणाचा?