उंदीर तुमचे

आबांनी अंथरूण धरलं आणि अमळनेरजवळच्या आमच्या शेताचा कारभार माझ्या हाती आला. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, निम्मीच आली.

कापणी उरकली की भिल्लांचं एक जोडपं आमच्या शेतात उंदीर काढायला यायचं. कापणीलाही तीच दोघं असायची. उन्हाळ्यात मोहाची फुलं वाळवून, उकडून खायची, पावसाळ्यात रानभाज्या आणि नाल्यातले मासे, आणि दादर निघाली की उंदीर. नवरा बिळाच्या एका तोंडाशी मडक्यात गोवऱ्या पेटवून धूर आत फुंकायचा. बायको दुसऱ्या तोंडाशी काठी घेऊन बसायची. उंदीर संपले की दोघं बीळ खणायची. हात-दोन हात खाली उंदरांचं कोठार लागायचं, कणसं इतकी नीट रचलेली की आमच्या गड्यांनी शिकून घ्यावं. बिळातलं धान्य खणणाऱ्याचं, ही आमच्याकडे आजोबांपासूनची रीत. मला ती निव्वळ बावळटपणा वाटायची.

त्या दिवशी मी मुद्दाम बांधावर जाऊन बसलो. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं खणत होती. त्यांचं तान्हं मूल बाभळीला बांधलेल्या झोळीत होतं. आधी रडत होतं, मग गप्प झालं. टोपलीभर कणसं निघाली तसा मी उठलो आणि टोपली माझ्याकडे ओढली.

"उंदीर तुम्हना, दादर आम्हनी," मी म्हणालो.

नवऱ्यानं खणणं थांबवलं. बाई उठून पुढे आली.

"भाऊ, दोन ओंजय दाना ऱ्हाऊ द्या. मनं दूध आटी गयं. पोऱ्याले पेज करस."

शेजारच्या शेतातले दोघे जण कामं टाकून बघत होते. त्यांच्यापुढे मला मऊ पडायचं नव्हतं. आज ओंजळ मागतेस, उद्या पोतं मागशील, असं मी तिला मोठ्यानं सुनावलं. ते दोघे हसले आणि मला बरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

टोपली घरी नेली तर आई दारातच कडाडली. उंदरांचं उष्टं तिला चुलीपाशी नको होतं. मी कणसं गोठ्यात नेऊन ओतली. बैलांनी ती घटकाभरात फस्त केली.

पुढच्या वर्षी दादर चांगली आली. कापणीला तीच दोघं आली, पण बाभळीला झोळी नव्हती. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. तरी मी विचारलंच, "पोऱ्या कोठे शे?"

"गया, भाऊ. त्याच फागुनमा."

मी गप्प बसायला हवं होतं. पण अंगावर आलेलं झटकायची घाई झाली होती; सगळे उंदीर तर त्यांनाच दिले होते.

"उंदीर ते बठ्ठा तुम्हलेच दिधात ना मी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"त्याले दात कोठे व्हतात, भाऊ?" ती म्हणाली, आणि विळा घेऊन ओळीला लागली.